नाक आणि फेस

त्यांना सगळे नाकवाले म्हणत. आता हे ऐकून कुणी त्यांच्या दारात लांबलचक बाकदार नाक बघायला गेलं असतं, तर हात हलवत परत आलं असतं. नाक चारचौघांसारखंच होतं, जरा बसकंच म्हणा ना! पण त्या नाकाचा मालक गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचा, आणि गॅस कुठून गळतोय ते नुसतं हुंगून सांगायचा. नळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नाक फिरवायचं, मध्येच थबकायचं, बोट ठेवायचं, "इथे." आणि तिथेच असायचं हो! म्हणून नाकवाले.

आता याची साधी, सरळ रीत जगाला ठाऊक आहे. साबणाचं पाणी करावं, ब्रशने नळीच्या जोडावर लावावं. गॅस गळत असेल तर तिथे फेसाचा फुगा येतो. बाकीचे दुरुस्तीवाले हेच करत. पण नाकवाल्यांसमोर साबणाचं नाव काढलं की संपलंच. "गॅसची काय दाढी करायची आहे?" ते म्हणायचे. "साबण लावतो तो शिकाऊ. कान फसतो, डोळा फसतो, नाक फसत नाही." नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. बरं, काम चोख होतं, त्यामुळे बोलणार कोण?

आणि घरी आले की कॉफी. कॉफी म्हणजे दुकानातली पूड आणून पाण्यात ढवळायची, असं नव्हे. छे छे! बंद पडलेल्या एका हॉटेलातून त्यांनी दांडा ओढून चालवायचं जुनं एस्प्रेसो मशीन मोडीत आणलं होतं. त्याचं रबर झिजलेलं, तर गॅसच्या वॉशरमधून कापून नवं बसवलं. कॉफीच्या कच्च्या, हिरवट बिया पोत्याने आणायचे आणि स्वतः भाजायचे. भाजायला भोकाभोकांचा एक पत्र्याचा डबा केला होता. शेगडीवर आडवा बसवायचा आणि हँडलने गरागरा फिरवायचा. हँडल असं करकरायचं की वरच्या मजल्यावर कळायचं, नाकवाल्यांकडे कॉफी चढली.

भाजताना ते डोळे मिटून बसत. हो, मिटून! बिया आधी पिवळ्या होतात, तेव्हा गवताचा वास येतो. मग पावाच्या भट्टीसारखा. मग बिया लाह्यांसारख्या तडतडायला लागतात. इथवर कुणालाही जमतं. पण त्या तडतडीनंतर नेमक्या कुठल्या घडीला उतरवायच्या, यातच सगळं आलं. लवकर उतरवल्या तर कॉफी आंबट, उशीर झाला तर कोळसा. ती घडी म्हणे नाकालाच कळते.

त्यांची बायको तेव्हा आतल्या खोलीत काहीबाही करत असायची. धूर वाढला की ती आतून ओरडायची, "अहो, किती धूर केलाय! पुरे करा ते!"

"झालंच आहे. तू घाई करू नकोस," असं म्हणून नाकवाले एक श्वास थांबायचे, बायकोच्या सांगण्यावरून उतरवलं असं दिसू नये म्हणून, आणि मग डबा चाळणीत उपडा करायचे. पंख्याखाली फोलपटं उडायची, बिया चकाकायच्या. अगदी मापात. दर वेळी.

"ही बाई आयुष्यभर ओरडणार," ते वर म्हणायचे. "बरोबर वेळेला हिचा भोंगा!"

हे वाक्य लक्षात ठेवा. त्यांनी स्वतः मात्र ते कधी नीट ऐकलं नाही.

संध्याकाळी पूड दाबून बसवायची, दांडा ओढायचा, आणि मधासारखी धार कपात पडायला लागली की तिच्यावर तांबूस फेस धरायचा. त्या फेसावर नाकवाल्यांचं फार प्रेम. चमचाभर साखर टाकली तर ती फेसावर क्षणभर तरंगली पाहिजे. मग घोट घ्यायचा आणि बायकोसमोर दिवसभराचा पाढा वाचायचा. आज अमक्या गल्लीत गेलो, तमक्या घरातली नळी बदलली, असं हुंगलं, तसं सांगितलं. ती ऐकायची. एकेक घर कुठलं, कुठल्या मजल्यावर, जोड कुठला, खोदून विचारायचीसुद्धा. नाकवाल्यांना वाटायचं, नवऱ्याच्या कामाचं कौतुक आहे हो बाईला!

गेल्या वर्षभरात मात्र घरात धुसफूस वाढली होती. एक म्हणजे जेवण. "तुझ्या हाताची चव गेली," ते ताट सरकवून म्हणायचे. "पूर्वी तू भांडं उघडलंस की भूक लागायची. आता काय, गवत खातोय का माती, कळत नाही." बायको ताट उचलून ठेवायची. दुसरं म्हणजे त्यांचा दाढीचा ब्रश हरवला. चांगला मऊ केसांचा, जुना ब्रश. त्यावरून त्यांनी घर डोक्यावर घेतलं, बायको म्हणाली, "उंदराने नेला असेल." आणि तिसरं म्हणजे, केलेल्या कामाला पुन्हा बोलावणी यायला लागली. "काका, जरा परत बघून जाता का?" ते चिडत जायचे, हुंगायचे, काही नाही म्हणायचे, आणि बाईमाणसाचं समाधान म्हणून वॉशर बदलून यायचे. "हल्ली मालच भिकार येतो," असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

तर एके दिवशी बायकोच्या बहिणीचा पाय मुरगळला. निरोप आला आणि बायको पहाटेच्या बसने बहिणीकडे गेली. जाताना चार वेळा बजावून गेली, "मी येईपर्यंत कामं घेऊ नका. जरा आराम करा." नाकवाल्यांना हसू आलं. आराम! ती गेल्यावर त्यांनी बिया काढल्या. आज भोंगा नाही, आज निवांत भाजू.

डबा चढवला, डोळे मिटले, हँडल करकरायला लागलं. तडतड सुरू झाली. ऐकू आली त्यांना, बहिरे नव्हते. पण नाकाने होकार दिला नव्हता. थांबले. तडतड संपली. पुन्हा बारीक तडतड सुरू झाली. तरी नाक गप्प. "आज बिया ओल्या दिसतात," ते पुटपुटले आणि फिरवत राहिले. घसा जरा खवखवला. खाकरले. फिरवत राहिले.

तेवढ्यात दारावर धडाधड थापा. त्यांनी डोळे उघडले तर समोरची भिंत दिसेना! सगळी खोली निळ्याकाळ्या धुराने भरलेली, डब्याच्या भोकांतून ठिणग्या. त्यांनी शेगडी बंद केली, डबा मोरीत टाकला, वर बादली ओतली आणि दार उघडलं.

दारात वरच्या मजल्यावरची शिवणवाली. गळ्यात टेप तशीच, पदराने नाक दाबलेलं.

"काका! आग लागली का?"

"आग कसली? कॉफी भाजतोय."

"कॉफी? अहो, अख्खा जिना जळका झालाय! माझी गिऱ्हाइकं ब्लाउज टाकून पळाली. तुम्हाला वास नाही आला?"

"आला की," नाकवाले म्हणाले. "आला म्हणूनच बंद केली."

ती बडबडत वर गेली. नाकवाल्यांनी दार लावलं आणि मोरीशी जाऊन बसले. डब्यात नुसता कोळसा. त्यांनी एक बी उचलून नाकाशी धरली.

काही नाही.

पुन्हा धरली. जोरात श्वास घेतला. ओलं लागलं, गार लागलं. वास नाही. त्यांना हसू आलं, म्हणजे आधी हसूच आलं, धुराने नाक बसलं असणार, दुसरं काय! तोंड धुतलं, नाक शिंकरलं, खिडकीत उभं राहून मोकळा श्वास घेतला. मग कांदा कापला. डोळ्यांना पाणी आलं, वास नाही. फिनेलची बाटली उघडली. नाही. रॉकेलचा बोळा. नाही. स्वतःचा कालचा मोजा, देवा रे, तोसुद्धा नाकाला लावला! त्या मोज्यावरून बायको रोज भांडायची. त्यात काही नाही. धुतलेल्या रुमालासारखा मोजा.

धूर निवळला होता, वारा खेळत होता. ते शेगडीजवळ गेले, बटण फिरवलं, पेटवलं नाही. वाकले. आयुष्यभर ज्या वासाने त्यांना भाकरी दिली, ज्या वासाला ते झोपेतही दचकून उठायचे, तो गॅस त्यांच्या नाकाखाली सूं करत निघत होता. ऐकू येत होता. गालाला गार लागत होता.

वास येत नव्हता.

त्यांनी बटण बंद केलं आणि जमिनीवर फतकल मारली. नाक गेलं म्हणजे काम गेलं, पोट गेलं, हे सगळं नंतर सुचलं. पहिल्यांदा सुचलं ते वेगळंच, आणि ते सुचल्याबरोबर त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. धुराने एका तासात नाक मेलं नव्हतं. नाक कधीचंच मेलं होतं. जेवण, गवत, माती! वर्षभर ते घराघरांत जाऊन नळ्या हुंगत होते आणि "बिनधास्त राहा" म्हणून सांगत होते. काय हुंगत होते? हवा?

आणि काल संध्याकाळी! काल संध्याकाळी मागच्या गल्लीतल्या त्या एका खोलीत, तान्ह्या बाळाच्या आईकडे, त्यांनी नवी नळी बसवली होती. बाळाला सर्दी म्हणून खिडकी बंद. आईचंही नाक चोंदलेलं. "काका, मला तर काही वासच येत नाही, तुम्हीच बघा हं नीट," ती म्हणाली होती. आणि यांनी ऐटीत नाक फिरवलं होतं. "मी आहे ना! बिनधास्त राहा."

एका खोलीत दोन माणसं, दोघांनाही नाक नाही! नाकवाले उठले. वाडग्यात साबणाचा तुकडा टाकला, पाणी ओतलं, खळबळवलं. ब्रश नव्हता, फडकं घेतलं. आणि ज्या माणसाने जन्मात साबणाला हात लावला नव्हता, तो फेसाचा वाडगा छातीशी धरून जिन्याकडे धावला.

जिन्यात शिवणवाली खिडक्या उघडत होती. तिने वाडगा बघितला आणि तिचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"अय्या, म्हणजे आता काका स्वतःच करणार? बरं झालं. काकूंच्या तोंडाला फेस आला होता हो."

"काकूंच्या? काय करणार मी स्वतः?"

शिवणवालीने जीभ चावली. पण बाण सुटला होता.

"सांग!" नाकवाले ओरडले. "वेळ नाही, सांग!"

"अहो, तपासणी... काकू येतात ना. तुम्ही काम करून गेलात की दुसऱ्या दिवशी सकाळी येतात. दाढीचा ब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन. म्हणतात, कामाची दुसरी तपासणी असते, नियमच आहे, पण त्यांना सांगू नका, त्यांना राग येतो. माझ्याकडे आल्या होत्या, मागच्या गल्लीत सगळीकडे जातात. कुठे फुगा दिसला तर गॅस बंद करायला लावतात आणि तुम्हाला परत बोलवा म्हणतात." ती थांबली. "सगळ्यांना माहितीय, काका."

सगळ्यांना माहितीय. सकाळी बाजारात जाते म्हणून पिशवी घेऊन निघणारी बायको. संध्याकाळी एकेक घर खोदून विचारणारी बायको. ती परतीची बोलावणी, तो उंदराने नेलेला ब्रश! वस्तीने त्यांना वर्षभर "या नाकवाले, बसा नाकवाले" म्हटलं, आणि मागून त्यांची बायको दारोदार ब्रश फिरवत होती. कुणीतरी भर रस्त्यात अंगावरचे कपडे ओढून घ्यावेत तशी त्यांना लाज वाटली.

आणि मग शिवणवालीच म्हणाली, अगदी हळू, "पण काकू तर आज पहाटे गेल्या. कालचं काम कुणाकडे होतं?"

उत्तर द्यायला नाकवाले थांबले नाहीत.

त्या गल्लीत कुणी त्यांना कधी धावताना बघितलं नव्हतं. धोतरात पाय अडकल्यासारखे ते धडपडत होते, आणि घातली होती तर पँट! अर्धं पाणी अंगावर सांडलं. दार लोटलं. बाळाची आई शेगडीपाशी उभी, पातेलं ठेवलेलं, हातात लायटर.

"अगं, थांब!" असा आवाज त्यांच्या तोंडून निघाला की बाळ किंचाळून रडायला लागलं. "काही लावू नकोस! दिव्याच्या बटणाला हात लावू नकोस! बाळाला उचल आणि बाहेर जा!"

ती बिचारी भेदरून बाहेर पळाली. त्यांनी सिलिंडर बंद केला, खिडकी उघडली, कडी गंजलेली होती ती हाताच्या तळव्याने ठोकून उघडली. वारा येऊन जाईपर्यंत उंबऱ्यात उभे राहिले. कोपऱ्यावरची माणसं जमली. आतली हवा कशी आहे हे कळायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. शेवटी त्यांनी गर्दीतल्या एका पोक्त बाईला हात जोडले, "बाई, तुमचं नाक चांगलं आहे ना? जरा आत येऊन सांगता का, वास आहे का अजून?"

हे वाक्य नाकवाल्यांनी गल्लीसमोर म्हटलं. ती बाई आत आली, हुंगलं, म्हणाली, "होता. आता गेला."

होता!

मग त्यांनी सिलिंडर जरासा उघडला आणि फडक्याने जोडावर फेस लावला. फेस थरथरला. एक फुगा आला, फुटला. दुसरा आला, लिंबाएवढा झाला, आणि त्यांच्याकडे बघत राहिला. ज्या जोडावर काल त्यांनी नाक ठेवलं होतं, तोच जोड. नळीवर आवळायची पट्टी तिरकी बसली होती. शिकाऊ पोरगासुद्धा पकडेल अशी चूक. त्यांनी पट्टी काढून पुन्हा बसवली, पुन्हा फेस लावला. दहा वेळा लावला. फेस शांत बसला तरी त्यांचा विश्वास बसेना.

बाळाची आई दारातून म्हणाली, "काका, आंघोळीचं पाणीच ठेवत होते हो. काल तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच पेटवणार होते."

तिच्या कडेवरच्या बाळाने नाकाने एक फुगा काढला, आणि त्याला बघून नाकवाले ओक्साबोक्शी रडले. गल्लीसमोर, वाडगा हातात धरून.

शिवणवालीने फोन केला असणार, कारण दुसऱ्या दिवशी दुपारी बायको दारात हजर. घामाघूम, पिशवी खांद्यावर तशीच.

"बाळ?"

"बरं आहे."

ती मटकन खुर्चीत बसली. नाकवाल्यांनी रात्रभर बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. मला का नाही सांगितलंस, माझं हसं केलंस, असलं काय काय. तिचा चेहरा बघून त्यातलं काही उरलं नाही. हातांना काहीतरी काम हवं म्हणून त्यांनी मशीन तापवलं, मोरीतून काढून वाळवलेल्या त्याच काळ्या बिया दळल्या, दांडा ओढला. काळी पातळ धार पडली. फेस नाही. कप तिच्यासमोर ठेवला.

तिने कप तोंडाशी नेला आणि बाजूला केला. "ही जळलेली आहे."

"हो. काल एकट्याने भाजली."

"एकट्याने म्हणजे? एरवी कोण असतं?"

"तू."

"मी? मी तर आत असते! मला तुमच्या कॉफीतलं ओ की ठो कळत नाही."

"तू ओरडतेस ना. किती धूर केलाय म्हणून. तू ओरडलीस की मी उतरवतो. मला वाटायचं, मीच ठरवतोय." ते खाली बघून म्हणाले, "वर्षभर तूच भाजतेस कॉफी."

बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. घराघरांत ब्रश घेऊन फिरलेली, नवऱ्याचं सगळं पाप निस्तरलेली ती बाई, तिला हे मात्र ठाऊक नव्हतं.

"नाही हो," ती म्हणाली. "असं म्हणू नका."

"खरं तेच सांगतोय."

"दूध तुमच्या शेजारी उतू जाऊन जळलं तेव्हाच मला कळलं, नाक गेलं म्हणून. सांगायला आले तर तुम्ही म्हणालात, माझ्या हाताची चव गेली. मग मी रोज कॉफीची वाट बघायची. भाजायला बसलात की आत माझा जीव टांगणीला. आज जळणार, आज जळणार. आणि दर वेळी मापात! मला वाटायचं, बघ, अजून आहे. थोडं तरी आहे. एवढी नाजूक गोष्ट जमते, म्हणजे परत येईल नाक. म्हणून गप्प बसले हो मी! नाहीतर कधीच तुमचा हात धरून थांबवलं असतं. त्या कॉफीच्या भरवशावर मी तुम्हाला लोकांच्या घरात जाऊ दिलं." ती हुंदके द्यायला लागली. "आणि ते माझंच ओरडणं होतं?"

नाकवाले तिच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसले. तिचा हात हातात घेतला. बोटांच्या कडा साबणाने चिरल्या होत्या. त्या कधीपासून चिरल्या आहेत, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"वर्षभरातलं एकेक घर परत बघायला पाहिजे," ते शेवटी म्हणाले. "लोकांना सांगून. आता दुसरी तपासणी वगैरे काही नाही. मी जोड बसवीन, तू फेस लाव."

तिने डोळे पुसले, पिशवीत हात घातला आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला दाढीचा ब्रश काढून त्यांच्यासमोर धरला. बहिणीकडेसुद्धा घेऊन गेली होती. अर्धे केस झडलेले, दांडा साबणाने पांढरा पडलेला.

"हा घ्या तुमचा ब्रश."

नाकवाल्यांनी तो उलटापालटा करून बघितला आणि परत तिच्या पिशवीत ठेवला.

"राहू दे तुझ्याकडेच," ते म्हणाले. "दाढीला मी दुसरा आणतो."